एकतिसावा पाठ

साखर संपली होती म्हणून त्याने फळीवरचा मोठा डबा पुढे ओढला, मागे आणखी एखादा असेल म्हणून हात घातला, तर हाताला पुस्तक लागलं. खाकी कागदाचं कव्हर, कोपरे आत खोचलेले, लेक शाळेत असताना बायको तिच्या वह्यांना घालायची अगदी तसं. उघडून बघतो तर काय, पुस्तक त्याचंच. म्हणजे घरातलं म्हणून त्याचं नव्हे, त्यानेच लिहिलेलं. रोजच्या वापरातलं इंग्रजी, चाळीस पाठ, चाळीस दिवस. वर नाव मालकांचं, कारण छापखाना मालकांचा. पण आतलं एकूण एक उदाहरण याच्या डोक्यातून उतरलेलं. प्रत्येक पाठाच्या आकड्याजवळ पेन्सिलीची एक बारीकशी बरोबरची खूण होती. पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला, अशी करत करत शेवटची खूण चौदाव्याला. दुसरा कोणी नवरा असता तर गालातल्या गालात हसला असता, चहाच्या वेळी बायकोची फिरकी घेतली असती, म्हणाला असता, काय मॅडम, हाऊ आर यू? हा मात्र खुणा मोजायला लागला. चौदा झाले, त्याने मनाशी म्हटलं, रोज एक धरला तर राहिले सतरा दिवस. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि जिन्यात बायकोच्या चपला वाजल्या. त्याने पुस्तक होतं तिथे ठेवलं, डबा सरकवला आणि फडकं घेऊन ओटा पुसू लागला.

“गेलं ना दूध?” तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. “अहो, समोर उभे असता आणि लक्ष असतं कुठे?”

“साखर शोधत होतो.”

“साखर खालच्या डब्यात. वरची फळी तुम्ही कशाला उचकटता?” ती म्हणाली, आणि डबा जागेवर आहे ना, हे तिने एका नजरेत पाहून घेतलं. ते त्यानेही पाहिलं.

छापखान्यात त्याला वाक्यवाले म्हणतात. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात असेल तेवढंच. शिपायापासून मालकांपर्यंत सगळे, वाक्यवाले, जरा इकडे या. तीस वर्षं तो हेच करतो आहे. कोणी शब्द द्यायचा, याने वाक्य द्यायचं. छत्री म्हटलं की कोणीतरी ती विसरायला हवं; उंबरठा म्हटलं की उंबरठ्यावर कोणाला तरी उभं करायला हवं. सुरुवातीला वाटायचं, हे आपलं पोटापाण्याचं, खरं लिखाण पुढे करू. ते पुढे पुढेच राहिलं आणि केस पांढरे झाले. पण वाक्यात उभी करायला माणसं तर लागतात, आणि ती रोज नवीन आणायची कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, म्हणून त्याने घरातलीच माणसं उचलली. बायकोने कात्री शोधली की कात्रीचं वाक्य झालं. लेक पायरीवरून पडली की पायरी, गुडघा आणि रडणे असे तीन शब्द एकदम सुटले. ती रडतेय आणि हा मनात वाक्य जुळवतोय, असंही झालेलं आहे. मग मालकांनी कागद वाचवायला एक युक्ती काढली. पहिल्या वीस पाठांत वाक्याशेजारी मराठी अर्थ द्यायचा, पुढे निव्वळ इंग्रजी. तोवर विद्यार्थी आपल्या पायावर उभा राहतो, असं प्रस्तावनेत याच्याकडूनच लिहून घेतलं. विद्यार्थी उभा राहो की बसो, वाक्यवाल्यांना मोकळं रान मिळालं. विसाव्या पाठापर्यंत त्या पुस्तकातलं घर कसं गोडीगुलाबीचं आहे, आई स्वयंपाक करते, वडील पेपर वाचतात, मुलगी फुलांना पाणी घालते. एकविसाव्यापासून हळूच बायको घोरते आणि कबूल करत नाही. सव्विसाव्यात मालकांना वाटतं की आपण फार शहाणे आहोत. हे वाक्य मालकांनी स्वतः वाचून पुढे पाठवलं होतं, त्यांच्या इंग्रजीबद्दल आणखी काय बोलायचं? घरी तर बोलायलाच नको. बायकोचं शिक्षण मराठीतलं आणि तेही अर्धवट सुटलेलं. तिच्या डोळ्यांसमोर पुस्तक उघडं पडलेलं असायचं, ती त्यावरची धूळ पुसून पान मिटून ठेवायची. इंग्रजी ही त्याला आतून कडी लावता येणारी एकच खोली होती. त्या खोलीत त्याने एकतिसावा पाठ ठेवला होता.

बावीस वर्षं झाली. पहिल्या आवृत्तीची प्रुफं दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती आणि छापखान्यातला फोन चार वाजता वाजला. घरी फोन नव्हता, म्हणून मेहुणा इथेच करायचा. “भाऊजी, बाबांचं काही खरं नाही. ताई कुठे, ताई कुठे, असं सारखं चाललंय. पाचच्या बसने पाठवा तिला.” तो म्हणाला, हो, पाठवतो. खरंच पाठवणार होता. रिसीव्हर ठेवला तेव्हाही पाठवणारच होता. मग टेबलावरच्या प्रुफांकडे नजर गेली. बायको गेली की पाच वर्षांच्या लेकीला सांभाळायचं, जेवू घालायचं, झोपवायचं, आणि ही ऐंशी पानं कोण वाचणार? शिवाय म्हाताऱ्याने आधी दोनदा अशीच पळापळ करायला लावली होती; ही धावत पोचली की तिसऱ्या दिवशी उठून बसायचा आणि चहा मागायचा. सकाळच्या बसने जाईल, त्याने ठरवलं. एक संध्याकाळ, फक्त एक. एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे? सात वाजता तो घरी गेला, हात धुतले, जेवला, प्रुफं वाचली, झोपला. सकाळी उठून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला, तिथे उगीच पाच मिनिटं पेन्सिली बघत उभा राहिला आणि वर येऊन म्हणाला, दुकानात फोन आला होता, निघायला हवं. तिघंही निघाली. पोचली तेव्हा बाबा पहाटेच गेलेले होते. दारात मेहुणा उभा होता, डोळे सुजलेले. “आत्ता येतेस ताई? मी काल चारला भाऊजींना कळवलं होतं.” तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तिचा त्याच्यावर विश्वास. चार माणसांत ती भावावर कडाडली. “तुला वेळेवर सुचलं नाही, आणि माझ्या नवऱ्यावर ढकलतोस? बाप समोर निजलाय आणि खोटं बोलतोस?” मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. लेक खांद्यावर झोपलेली होती. तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्यात त्याने तो क्षण घालवला. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं. नंतरचं बोलणं दर वर्षी जड होत गेलं. भाऊ-बहीण त्या दिवसापासून बोलली नाहीत. पुढे मेहुणा परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. बायको कधी एकटी बसली की म्हणायची, एक फोन वेळेवर केला असता मेल्याने, तर बाबांनी मला पाहिलं असतं. आणि हा पेपरात तोंड घालायचा.

तेराव्या दिवशी तो कामावर गेला तर अक्षरं जुळवणारा वाटच बघत होता. “वाक्यवाले, एकतिसाव्याला अर्धं पान मोकळं पडतंय. दहा वाक्यं टाका पटकन, मशीन थांबलंय.” त्याने उभ्याउभ्याच लिहिली. शोधावी लागली नाहीत, घाम यावा तशी आली. द फोन रँग अॅट फोर. ही सेड येस. ही वेंट होम अॅट सेव्हन. ही एट हिज डिनर. ही डिड नॉट टेल हिज वाइफ. अशी दहा. लिहून झाल्यावर अंगातला ताप उतरल्यासारखं हलकं वाटलं. दोन दिवस नीट झोपही लागली. नंतर पुस्तक चाललं. इतकं चाललं की आवृत्त्या मोजायचं मालकांनी सोडून दिलं. छापखान्यासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर इंग्रजीचे वर्ग निघाले आणि वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, खिडकीतून पन्नास गळे एका सुरात ओरडू लागले, ही डिड नॉट टेल हिज वाइफ! पुन्हा म्हणा! ही डिड नॉट टेल हिज वाइफ! पहिल्या वर्षी त्याने खिडकी लावून घेतली. मग लावेनासा झाला. मान खाली घालून बसायचा आणि संपेपर्यंत पेन्सिलीला टोक काढायचा. त्याचा गुन्हा अख्ख्या गावाला तोंडपाठ होता, भाजीवाल्याच्या पोराला, बँकेतल्या बाईला, बसच्या कंडक्टरला. माहीत नव्हता तो फक्त जिच्याशी केला तिला.

आणि आता ती शिकत होती. कशासाठी, हेही त्याला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी परदेशातून पाकीट आलं, भाचीचं. मेहुण्याची ही मुलगी तिकडेच वाढलेली, मराठी तिला येत नाही, पत्र सगळं इंग्रजीत. बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला. “दे, वाचून सांगतो,” तो म्हणाला. हातही पुढे केला. तिने पाकीट मिटलं. “नको. माझ्या भाचीचं पत्र आहे, माझं मी वाचीन.” “तू? इंग्रजी?” तो हसला. तिने पाकीट पातळांच्या घडीत ठेवलं. ते हसू त्याला आता राहून राहून आठवत होतं आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती. घरात तर जिकडेतिकडे शब्द ऐकू येऊ लागले होते. भांडी विसळताना ती पुटपुटायची, लिड, लॅडल, स्पून. कपड्यांच्या घड्या घालताना, स्लीव्ह, कॉलर, बटन. त्याचे शब्द, त्याने त्या क्रमाने लावलेले. कोणत्या शब्दावर आहे ते ऐकून तो पाठाचा आकडा ओळखायचा. सकाळी ती भाजीला गेली की हा फळीपाशी. सोळा. अठरा. एकविसाव्याला त्याला वाटलं, इथे अडेल, शेजारचा मराठी आधार सुटला की भले भले अडतात. तर तिने कुठूनसा जुना शब्दकोश पैदा केला आणि दोन दिवस लावून एकविसावा पार केला. चोविसाव्याच्या दिवशी संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाली, “मी घोरत नाही.” त्याचा घास तोंडाशीच राहिला. ती हसत होती. “घरातलं सगळं तिथे नेऊन मांडलंत की हो! कात्री काय, पडदे काय. मला वाटायचं, नवरा मोठं अवघड लिहितो.” मग ताटातल्या आमटीत बोट फिरवत विचारलं, “अहो, मेसेज म्हणजे निरोपच ना?”

“हो, निरोप. कशाला?”

“काही नाही. पत्रात दोनदा आलाय तो शब्द.”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? त्या संध्याकाळपासून त्याला अन्न गोड लागेना. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. आंघोळीच्या वेळी तो वाक्यं जुळवायचा, मराठीत, आणि दर वेळी पहिल्याच शब्दाला गाडी अडायची. अगं, म्हणायचं आणि पुढे काय? तीस वर्षं वाक्यं पाडणाऱ्या माणसाला हे एक जमू नये! बाप गेला तो परत येणार नव्हता, ते एक वेळ ती पोटात घालेल. पण भाऊ? बावीस वर्षं जिवंत भावाला तिने मेल्यात जमा केलं, ते याच्या एका गप्प बसण्यापायी. हे कळल्यावर ती या घरात, या टेबलाशी, याच्यासमोर बसून जेवेल? तिने भांडावं, भांडी आपटावी, त्याला त्याची भीती नव्हती. ती काही न बोलता पातळांची घडी पिशवीत भरील, ही भीती होती. नव्या आवृत्तीची प्रुफं योगायोगाने टेबलावरच होती. त्याने एकतिसाव्यातली दहा वाक्यं लाल रेघेने खोडली आणि तिथे बाजारात जाऊन रेनकोट घेणारा एक सद्गृहस्थ बसवला. कोणी विचारलं नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण फळीवरचं पुस्तक जुनं होतं. त्यात तो फोन अजून चार वाजताच वाजत होता.

खूण सत्ताविसाव्यावर आली त्या दिवशी तो छापखान्यातून पोलादी पट्टी आणि नवं ब्लेड खिशात घालून घरी आला. दुसऱ्या सकाळी ती बाहेर पडल्याबरोबर पुस्तक टेबलावर घेतलं. एकतिसावा पाठ एकाच पानाच्या दोन बाजूंवर मावलेला होता, तेवढं नशीब. साधा माणूस पान टरकावतो. छापखान्यातला माणूस कापतो. त्याने शिवणीलगत पट्टी बसवली, श्वास धरला आणि ब्लेड एकाच दमात वरून खाली ओढलं. पान सुटलं की त्याचं जोडपान, म्हणजे त्याच कागदाचं शिवणीपलीकडचं अर्धं, पुढेमागे ढिलं पडतं आणि पाचदहा दिवसांनी गळून हातात येतं, हे त्याला माहीत. म्हणून त्याने काडीने डिंकाची केसाएवढी रेघ ओढून ते पक्कं बसवलं, वर वजन ठेवलं, वाळेपर्यंत थांबला. काम असं झालं की बाइंडरने शाबासकी द्यावी. पान घडी करून खिशात, तिथून छापखान्याच्या रद्दीच्या पोत्यात. पोत्यात हात घालताना त्याला स्वतःची किळस आली, पण सुटकाही वाटली, हे खोटं कशाला बोला?

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. मग एक दिवस खूण नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तो ऑफिसात दोनदा पाणी सांडून बसला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर बत्तिसाव्याला खूण. नेहमीसारखी, बारीक, स्वच्छ. तिने चकार शब्द काढला नव्हता. आकडा मध्येच उडालाय हे कळलं असेल, म्हणाली असेल छापण्यातली चूक, आणि गेली पुढे. सुटलो बुवा! त्या संध्याकाळी येताना त्याने तिच्यासाठी चांगलं निळं पेन आणलं, मालकांची नक्कल करून दाखवली, दोनदा आमटी मागून घेतली. ती हसली, जरा कमी हसली, पण थकली असेल, त्याने म्हटलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता. तिने हात पुसत येऊन समोर एक वही ठेवली आणि त्यावर त्याचं लाल पेन.

“तपासून द्या.”

“काय गं हे?”

“तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना, पाठाच्या शेवटी? यासारखी पाच वाक्ये स्वतः तयार करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. घरात जाणकार असताना बाहेर कुठे जाऊ?”

पानाच्या वर तिने लिहिलं होतं, पाठ एकतीस. खाली ती दहा वाक्यं, एकही गाळलेलं नाही, तिच्या गोल, मुलीसारख्या अक्षरात. पेपर मांडीवरून घसरला तो त्याने उचलला नाही.

“कुठे मिळालं?”

“खालच्या शिंपिणीच्या सुनेकडे. सगळ्यांकडे आहे हो तुमचं पुस्तक.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “पान असतं ना, तर मी वाचलं असतं, खूण केली असती आणि पुढे गेले असते. फोन आला, जेवला, झोपला, त्यात काय? चाळीस पाठांत असले शंभर फोन येतात. पण नुसतं गेलेलं नव्हतं ते पान. पट्टी लावून कापलेलं, वर डिंक लावून बसवलेलं. उंदराला एवढं कुठलं येतंय? म्हटलं, माझ्यापासून एवढं जपून काय काढलंय, ते आधी बघू. दोन दिवस लागले. मग कळलं, हे चार म्हणजे भावाचेच चार.”

त्याने वही जवळ ओढली. दहा वाक्यांखाली रेघ होती आणि रेघेखाली तिची पाच.

माय हसबंड केम होम अॅट सेव्हन. ही वॉश्ड हिज हँड्स टू टाइम. आय सॉ हिज फेस. आय डिड नॉट आस्क. माय ब्रदर डिड नॉट लाय.

सवयीने त्याने पेनचं टोपण काढलं होतं. दुसऱ्या वाक्यात एक शब्द चुकला होता. हात तिथपर्यंत गेला आणि थांबला. त्याने त्या संध्याकाळी हात दोनदा धुतले होते. त्याच्या स्वतःच्या दहा वाक्यांत हे नव्हतं. बावीस वर्षं ते त्यालाच माहीत नव्हतं.

“तुला तेव्हाच...”

“काय कळणार तेव्हा? काहीतरी झालंय एवढं दिसलं. बाबांचं असेल, असं मनात येऊन गेलं. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, तुम्ही काही राक्षस नाही. नाही विचारलं. मलाही ती एक संध्याकाळ हवी असेल.” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “माझं मी बघून घेईन. पण त्याला मी खोटारडा म्हटलं. बापाच्या उशाशी.” तिचा आवाज तिथे फुटला, तिने पदराने नाक पुसलं आणि पुन्हा सरळ झाली. “बरोबर आहेत वाक्यं?”

“एक शब्द...”

“तो राहू द्या. बाकीचं बरोबर आहे?”

“आहे,” तो म्हणाला. “सगळं बरोबर आहे.”

तिने कमरेला खोचलेलं भाचीचं पाकीट काढून वहीवर ठेवलं. कडा मऊ पडल्या होत्या, किती वेळा उघडलं होतं कोण जाणे. “हे काल वाचून झालं. निम्मं कळलं, तेवढं पुष्कळ आहे. त्याचं काही खरं नाही. ताई कुठे, असं विचारतो म्हणे, आणि पोरीला ताई म्हणजे काय तेच कळत नाही. नंबर दिलाय तिने.” मोबाइलही तिने वहीशेजारी ठेवला, सरळ रेषेत. “माझ्या शिकण्यात दोन महिने गेले, या वेळी आणखी उशीर करायचा नाही. आता हेच सगळं मराठीत सांगा. आधी मला, मग त्याला. इंग्रजीत गावभर सांगून झालंय तुमचं.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि खिडकीची काच थरथरली. तिने मोबाइल जरा त्याच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली, शाळेतल्या मुलीसारखी, ऐकायला. ती उठून जाईल तर बरं, असं त्याला एक क्षण वाटलं. ती जाणार नव्हती. त्याने तोंड उघडलं.

“फोन चार वाजता आला होता.”

“कोणाचा?” तिने विचारलं. हे पुस्तकात नव्हतं.

“तुझ्या भावाचा,” तो म्हणाला.